चर्चचा ऑर्गन नाट्यसंगीतात कसा आला?

संगीत नाटक सुरू होण्याआधी रंगमंचासमोर बसलेले वादक तुम्ही पाहिले असतील. त्यांच्यात कपाटासारखं दिसणारं एक लाकडी वाद्य असतं आणि वादक ते खुर्चीवर बसून, पायाने भाता मारत वाजवतो. हाच आपला ऑर्गन! त्याचं मूळ घर मात्र चर्च.

मोठ्या चर्चमध्ये पाइप ऑर्गन असतो. त्याच्या शेकडो नळ्यांतून हवा सोडली की सूर उमटतात. पण तो महाग आणि अवजड. लहान चर्च आणि घरांसाठी १९व्या शतकात छोटा भाऊ आला, तो म्हणजे रीड ऑर्गन. यात नळ्यांऐवजी पितळी पट्ट्या, म्हणजे रीड, असतात. अमेरिकेतल्या एस्टी कंपनीने असे ५ लाखांहून अधिक ऑर्गन बनवले.

पेटी आणि ऑर्गन, फरक काय?

दोन्हींत रीडच वाजतात. पण हातपेटीत एक हात भात्यावर अडकतो, तर ऑर्गनमध्ये भाता पायाशी असल्याने दोन्ही हात मोकळे राहतात. पेटीत हवा रीडवर ढकलली जाते, अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते. म्हणून त्याचा सूर मऊ आणि भरदार लागतो. लांबलेल्या आलापामागे असा सलग सूर असला की गायकाला आधार मिळतो. बालगंधर्वांच्या साथीला थिरकवाँ यांचा तबला आणि हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन होता, हे जुने रसिक आजही कौतुकाने सांगतात.

आता अडचण काय?

एस्टी कंपनी १९६० मध्ये बंद झाली. त्यामुळे आज वाजणारे असे परदेशी ऑर्गन जुनेच, म्हणजे सेकंडहँड. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. एक वाद्य वाचवायला दुसऱ्याचे रीड काढावे लागतात. समाधानाची गोष्ट म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आडिवरे गावात नवे ऑर्गन घडवले गेले आहेत.

तुमच्या घरी जुना ऑर्गन आहे?

• भंगारात देण्याआधी पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दाखवा.
• ओलसर भिंतीपासून आणि उन्हापासून दूर ठेवा.
• भात्याचं कापड उंदीर कुरतडतात, त्यामुळे मागची बाजू अधूनमधून तपासा.
• रीड स्वतः घासू नका, सूर कायमचा बिघडू शकतो.
• अधूनमधून वाजवत राहा. बंद पडून राहिलेलं वाद्य लवकर खराब होतं.

आजोबांच्या खोलीत धूळ खात पडलेला एखादा ऑर्गन दुरुस्त झाला, तर नातवंडांनाही तो सूर प्रत्यक्ष ऐकता येईल.