आवडत्या गाण्याची पावणेचौदा मिनिटं

दोस्तांनो, 'द साउंड ऑफ म्युझिक' हा सिनेमा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. रात्री विजा कडाडतात, घाबरलेली मुलं मारियाच्या खोलीत धावत येतात आणि ती त्यांना एक गाणं म्हणून दाखवते. मन उदास झालं, की आपल्या आवडत्या गोष्टी आठवायच्या, असं सांगणारं. 'माय फेव्हरिट थिंग्ज' हे त्याचं नाव.

सिनेमा आला १९६५ साली. पण गाणं त्याआधीचं, न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर १९५९ साली आलेल्या संगीत नाटकातलं, बरं का! ऑक्टोबर १९६० मध्ये जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकानं ते रेकॉर्ड केलं. एवढंसं गाणं, पण त्यानं वाजवलं जवळजवळ पावणेचौदा मिनिटं!

कोल्ट्रेन १९२६ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात जन्मला. त्यानं नाव कमावलं 'हार्ड बॉप'मध्ये. हार्ड बॉप म्हणजे ब्लूज आणि चर्चमधल्या गाण्यांचा रंग चढलेला, जोरकस जॅझ. पण तरुणपणी त्याला हेरॉइनचं व्यसन जडलं. त्यापायी १९५७ साली माइल्स डेव्हिसच्या बँडमधली जागा गेली. त्याच वर्षी त्यानं हेरॉइन सोडलं आणि रियाजात स्वतःला झोकून दिलं. 'जायंट स्टेप्स' ही त्याची रचना तर भल्याभल्या वादकांना घाम फोडते!

मग इतकं अवघड वाजवणाऱ्या माणसानं नाटकातलं सोपं गाणं का घेतलं? कारण सोप्या चालीत फिरायला मोकळी जागा असते. पियानोवर मॅकॉय टायनर मोजके सूर पुन्हा पुन्हा धरून ठेवतो, जणू तानपुराच. एल्विन जोन्स ड्रमवर एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असा झोका देतो. स्टीव्ह डेव्हिस बासवर पाया सांभाळतो. कोल्ट्रेनच्या हाती असतो सोप्रानो सॅक्सोफोन, सनईसारखा सरळ दिसणारा. आपले गवई बंदिशीचा मुखडा घेऊन बढत करतात आणि पुन्हा मुखड्यावर येतात ना? तसाच तो दूर जातो आणि ओळखीच्या चालीवर परततो.

१९६१ साली हा अल्बम निघाला. त्यातली बाकीची तीन गाणीही नाटकांतली लोकप्रिय गाणीच होती. मुख्य गाण्याचे तुकडे करून छोट्या तबकडीच्या दोन्ही बाजूंवर घातले गेले. रेडिओवर ते वाजू लागलं आणि जॅझ न ऐकणारी माणसंही कोल्ट्रेनला ओळखू लागली.

पुढे कोल्ट्रेनची पंडित रविशंकरांशी ओळख झाली. १९६५ साली झालेल्या मुलाचं नाव त्यानं रवी ठेवलं. आज रवी कोल्ट्रेनही नावाजलेला सॅक्सोफोनवादक आहे. जॉन मात्र जुलै १९६७ मध्ये, अवघ्या चाळिसाव्या वर्षी गेला. त्याआधी तीनच महिने, एप्रिलमधल्या मैफलीत, तो हेच गाणं अर्ध्या तासाहून जास्त वेळ वाजवत होता!

'सिनेमातलं गाणं म्हणजे हलकं, शास्त्रीय तेवढं खरं' असा वाद तुमच्या घरी होत असेल, तर एक करा. आधी मारियाचं गाणं ऐका, मग कोल्ट्रेनचं. आई-बाबांनाही शेजारी बसवा. मूळ चाल किती वेळा परत येते, ते सगळ्यांनी बोटांवर मोजा. उत्तरं जुळली नाहीत, तर उत्तमच. पुन्हा ऐकायला निमित्त मिळालं!