सायंकाळी मिटणाऱ्या पापण्या

‘गोलपिठा’ हा संग्रह १९७२ साली आला आणि नामदेव ढसाळ यांच्या कवितेने मराठी वाचकाला हादरवले. त्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांसह दलित पँथर उभी केली. पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायूंचा आजार जडला. तो अखेरपर्यंत सोबत राहिला.

मेंदूचा निरोप नसेतून स्नायूला एका रसायनामार्फत मिळतो. ते रसायन झेलणाऱ्या स्नायूवरील ग्राहकांवर या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच हल्ला करते. रुग्ण सकाळी बरा असतो. दिवस कलला की पापण्या उतरतात, एकाचे दोन दिसतात, भाकरी चावताना जबडा थकतो, आवाज गेंगाणा होतो. विश्रांतीनंतर पुन्हा बरे वाटते. म्हणून घरचे म्हणतात, ‘सोंग आहे!’

हे कारण उलगडायला सापाच्या विषाची मदत झाली. तैवानकडील एका मण्यारीच्या विषातील घटक या ग्राहकांना घट्ट चिकटतो. तो वापरून १९७३ मध्ये संशोधकांनी दाखवले की रुग्णांच्या स्नायूंत ग्राहक फारच कमी असतात.

माणगाव परिसरात पावसाळ्यात कुणाच्या पापण्या पहाटे अचानक मिटू लागल्या, तर आधी मण्यारीचा दंश गृहीत धरावा. जमिनीवर झोपलेल्याला तो कळतही नाही. अशा वेळी तडक रुग्णालय गाठावे. मात्र हाच त्रास आठवडेच्या आठवडे कमी-जास्त होत असेल, तर मायस्थेनियाची शंका घ्यावी. रक्ततपासणी, नसा-स्नायूंची विद्युत तपासणी आणि छातीतील थायमस ग्रंथीसाठी सीटी स्कॅन यांतून निदान होते. पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या, स्टेरॉइड आणि काहींमध्ये थायमसची शस्त्रक्रिया यांनी बहुतेकांचे आयुष्य सुरळीत चालते.

दोन गोष्टी विसरू नयेत. काही प्रतिजैविकांनी हा आजार बळावतो. त्यामुळे सर्दी-तापासाठी गेलात तरी डॉक्टरांना आजाराचे नाव आधी सांगा. गिळताना ठसका किंवा श्वास अपुरा वाटला, तर सकाळची वाट पाहू नका.

‘खेळ’ (१९८३) आणि ‘या सत्तेत जीव रमत नाही’ (१९९५) हे ढसाळांचे संग्रह आजार जडल्यानंतरचे. १५ जानेवारी २०१४ रोजी त्यांचे निधन झाले ते आतड्याच्या कर्करोगाने. स्नायू थकत होते, तरी तीस वर्षे लेखणी चालू होती. निदान वेळेवर झाले, तर शेतकऱ्याचा नांगर आणि शिक्षिकेचा खडूही असाच चालू राहू शकतो.