वेण्णाकाठचे हिमकण आणि हेलेबोर

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे फोटो छापून येतात आणि बागप्रेमी विचारतात: मग युरोपात बर्फातून डोकं काढणारं हेलेबोर हे फुलझाड आपल्याकडे का फुलू नये?

हिमकणांवर जाऊ नका. निरभ्र रात्री गवताची पाती आपली उष्णता आकाशाकडे सोडत भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. हवा शून्याच्या वर असतानाही पात्यावरचं दव गोठतं ते यामुळे, आणि तेही मोजक्या रात्री. हेलेबोरच्या बीला आधी उन्हाळ्याची ऊब आणि मग कित्येक आठवडे सलग गारवा लागतो. ही थंडी सांगलीसारख्या उष्ण ठिकाणी फ्रीजमध्येही देता येईल, पण रोप जगवणार कसं? डोंगराळ युरोपात ते उन्हाळा काढतं झाडांच्या सावलीत, पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत. त्याच महिन्यांत महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. सांगलीत त्याआधी एप्रिलचं ऊन, मग पाणी धरून ठेवणारी काळी माती. मुळं कुजणारच. त्यातून बी ताजंच पेरलेलं बरं. सुकलेल्या बियांची पाकिटं ऑनलाइन विकणारे हे सांगत नाहीत.

तरीही या झाडाचं वेड लागावं असंच त्याचं जगणं आहे. कार्लोस हेरेरा आणि मारिया पोझो या संशोधकांनी 2010 मध्ये स्पेनमधल्या हेलेबोरस फेटिडस या जातीबद्दल जे प्रसिद्ध केलं, ते मला विलक्षण वाटतं. त्याच्या मकरंदात यीस्ट वाढतं, साखर खातं आणि त्या उष्णतेने ऐन थंडीत फूल आतून काही अंशांनी गरम होतं. उकिरडा उकरल्यावर हाताला लागते तशी ही ऊब! फुलाला तिची किंमत मोजावी लागते, मकरंदातली साखर घटते.

दुसरी गंमत पाकळ्यांची. दिसतात त्या पाकळ्या नव्हेतच, ती निदलं, म्हणजे फुलाचं बाहेरचं आवरण. खऱ्या पाकळ्या मकरंदाच्या चिमुकल्या नळ्या होऊन आत बसलेल्या असतात. परागीभवनानंतरही निदलं गळत नाहीत. हिरवी होऊन बियांसाठी अन्न तयार करतात.

हे निदलांचं फूल बघायला युरोप गाठायला नको. हेलेबोरच्याच कुळातली मोरवेल साताऱ्याच्या डोंगरउतारांवर, कुंपणांवर चढलेली असते. तिलाही पाकळ्या नाहीत. पांढरी दिसतात ती निदलंच. पुढे फळांना पिसांसारख्या शेपट्या फुटतात आणि वाऱ्यावर बी उडतं. बागेत लावायची असेल तर ही वेल लावा. शेपट्या सुकल्या की गावाजवळच्या कुंपणावरचं थोडं बी घ्या, कासच्या पठारावरचं मुळीच नको. बुंध्याला सावली, शेंड्याला ऊन आणि चढायला तार एवढी सोय करा. उगवायला वेळ लागला तर कुंडी रिकामी करू नका.

याच कुळातलं निळंशार डेल्फिनियम मलबारिकम मात्र डोंगरावरच राहू द्या. ते पश्चिम घाटाबाहेर कुठेच उगवत नाही. मोरवेल छाटताना हातमोजे घाला, कारण तिच्या ताज्या रसाने कातडीवर फोड येतात. हेलेबोरचा रसही असाच झोंबतो.