अर्ध्यावर अडकलेल्या व्यवहाराला वाली कोण?

यूपीआयवरून पैसे पाठवले की दोन-तीन सेकंदांत काम होतं, आणि बहुतेकांची समजूत अशी असते की मध्ये कुठेतरी एक मोठा संगणक आहे, त्याने इकडचा आकडा कमी केला आणि तिकडचा वाढवला. तसा संगणक कुठेच नाही. पाठवणाऱ्याचं ॲप एका कंपनीचं, त्या ॲपला यूपीआयच्या जाळ्यात आणणारी बँक दुसरी आणि प्रत्यक्ष खातं बऱ्याचदा तिसऱ्याच बँकेत. घेणाऱ्याच्या बाजूलाही असाच गोतावळा, आणि मधोमध नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआय, या मुंबईतल्या संस्थेचा स्विच. ॲपकडून निघालेली विनंती स्विचकडे येते. समोरच्याच्या यूपीआय आयडीमागे खरं खातं कुठलं, हे स्विच त्या बाजूच्या बँकेला विचारतो. मग पाठवणाऱ्याच्या बँकेला सांगतो, एवढे वजा कर. तिचं ‘झालं’ आलं की दुसऱ्या बँकेला सांगतो, एवढे जमा कर. शेवटी दोन्हीकडे निकाल कळवतो. बँकाबँकांमधला हिशेब नंतर ठरलेल्या वेळांना एकगठ्ठा मिटतो. 2016 च्या एप्रिलमध्ये यूपीआयची घोषणा झाली तेव्हा प्रत्येक बँकेची कोअर बँकिंग सिस्टिम जागच्या जागी होती, 2010 पासून चालू असलेल्या आयएमपीएस या तत्काळ पैसे पाठवण्याच्या सेवेचा अनुभव हाताशी होता. नवं होतं ते या सगळ्यांनी एकमेकांशी कोणत्या क्रमाने, कोणत्या शब्दांत आणि किती वेळात बोलायचं, याचं ठरलेलं वेळापत्रक.

वेगवेगळ्या मालकांच्या, वेगवेगळ्या वयाच्या सिस्टिम न मोडता त्यांच्याकडून थोडं थोडं काम घेऊन उभ्या केलेल्या अशा गोष्टीला संगणकाच्या धंद्यात कंपोझिट ॲप्लिकेशन म्हणतात. तिच्या पोटात दोन कल्पना आहेत. पहिली सेवाभिमुख रचना, म्हणजे एसओए: प्रत्येक सिस्टिमने आपलं काम ‘शिल्लक सांगणं’, ‘रक्कम वजा करणं’ अशा सुट्या सेवांच्या रूपात बाहेरच्याला खुलं करायचं, आतला कारभार झाकून ठेवायचा. दुसरी प्रोसेस मॉडेलिंग: या सेवा कोणत्या क्रमाने, कोणत्या अटीवर बोलवायच्या याचा आराखडा प्रोग्रॅमच्या पोटात न लपवता बाहेर, सगळ्यांना दिसेल असा मांडायचा. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पहिल्या कल्पनेवर अतोनात शाई आणि पैसा खर्च झाला, दुसरी मात्र पंगतीच्या शेवटी बसवली गेली. माझ्या मते तिथेच घोडं पेंड खातं. सेवा जोडणं हे तुलनेने सोपं काम आहे. व्यवहार मध्येच अडकला तर कोणी, किती वेळात, काय करायचं हे आधी ठरवणं हे अवघड काम. आणि ते प्रोग्रॅमरचं नसून धंदा चालवणाऱ्याचं आहे.

पहिल्या कल्पनेचा इतिहास पाहिला की हे उमगतं. गार्टनर या सल्लागार कंपनीच्या रॉय शुल्ट आणि येफिम नातिस यांनी 1996 मध्ये एसओए ही संज्ञा पुढे आणली. 2000 च्या आसपास सोप आणि डब्ल्यूएसडीएल ही मानकं आली, त्यामुळे जावात लिहिलेला प्रोग्रॅम आणि मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर लिहिलेला प्रोग्रॅम एकमेकांना ओळखू लागले. एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीने ‘एक्सॲप्स’ या नावाने तयार कंपोझिट ॲप्लिकेशन बाजारात आणायला सुरुवात केली. हे सगळं विकणारं आश्वासन एकच होतं, पुनर्वापर: सेवा एकदा लिहा, दहा ठिकाणी वापरा, खर्च एक दशांश. याच उत्साहात 2000 साली आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरिबा यांनी यूडीडीआय ही नोंदणीची पद्धत काढली. जगभरच्या कंपन्या आपल्या सेवा एका सार्वजनिक वहीत नोंदवतील आणि दुसऱ्या कंपन्यांचे प्रोग्रॅम त्या शोधून आपोआप वापरतील, अशी कल्पना होती. 2006 च्या जानेवारीत ही सार्वजनिक वही गुपचूप मिटवली गेली. कारण उघड आहे. अनोळखी माणसाची सेवा केवळ तांत्रिक वर्णन वाचून कोणी आपल्या धंद्यात घेत नाही. ती बंद पडली तर फोन कोणाला करायचा, चुकीचं उत्तर दिलं तर नुकसान कोणाच्या माथी, हे त्या वहीत कुठेच नव्हतं. सेवेचा पत्ता होता, जबाबदारीचा नव्हता.

जबाबदारीचा प्रश्न इतका टोकदार का होतो, हे साध्या गुणाकाराने दिसतं. एखादी सेवा साडेनव्याण्णव टक्के वेळ चालू असते असं धरू. महिन्याकाठी साधारण साडेतीन तास बंद. हे वाईट नाही. पण एका कामासाठी अशा पाच सेवा एकापाठोपाठ लागत असतील, तर पाचही चालू असण्याची शक्यता साडेसत्त्याण्णव टक्क्यांवर येते, म्हणजे महिन्यातले अठराएक तास कुठेतरी काहीतरी अडलेलं. यातही ‘बंद’ परवडतं. बंद असलेली सेवा निदान नकार तरी देते. खरी डोकेदुखी उत्तरच न येण्याची. रक्कम वजा करायला सांगितलं आणि तीस सेकंद शांतता. तिकडे वजा झाली की नाही? पुन्हा सांगावं, तर दोनदा वजा होण्याची भीती. सांगू नये, तर ग्राहक ताटकळलेला. म्हणून प्रत्येक विनंतीला कायमचा वेगळा क्रमांक द्यावा लागतो आणि समोरच्या सेवेने ‘हा क्रमांक मी आधीच पाहिला आहे, काम झालेलं आहे’ असं ओळखून दुसऱ्यांदा काहीच करायचं नसतं.

एकाच डेटाबेसमध्ये ही अडचण येत नाही. तिथे सगळं झालं तर झालं, नाहीतर काहीच झालं नाही, याची हमी डेटाबेस स्वतः देतो. अनेक डेटाबेसना एका हमीत बांधण्याची युक्तीही 1970 च्या दशकापासून माहीत आहे: आधी सगळ्यांना ‘तयार आहात का’ विचारायचं, सगळे हो म्हणाले की ‘करा’ म्हणायचं. पण तोवर प्रत्येकाने आपली नोंद कुलूपबंद करून थांबायचं असतं. एका कंपनीच्या आवारात हे चालतं. एका बँकेने दुसऱ्या बँकेच्या होकारासाठी आपल्या खातेदाराचं खातं अडवून बसावं, हे व्यवहारात कोणी मान्य करणार नाही. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी 1987 मध्ये ‘सागा’ नावाचा मार्ग सुचवला तो इथे कामी येतो. लांबलचक व्यवहाराचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा तिथल्या तिथे पक्का करायचा, आणि प्रत्येकासोबत तो फिरवणारं उलट काम आधीच लिहून ठेवायचं. चौथ्या पायरीवर अडलं तर तिसरी, दुसरी, पहिली अशी उलट्या क्रमाने फिरवत यायचं.

कागदावर हे देखणं दिसतं. गृहकर्जाला लावून पाहिलं की खाचखळगे कळतात. अर्ज येतो, केवायसी तपासली जाते, क्रेडिट ब्यूरोकडून सिबिल स्कोअर मागवला जातो, प्रोसेसिंग फी घेतली जाते, वकील मालमत्तेचा सर्च रिपोर्ट देतो, व्हॅल्युअर जागा पाहून येतो, मंजुरीपत्र निघतं, रक्कम बिल्डरच्या खात्यात जाते. आठ पायऱ्या, आणि त्या सेकंदांत नव्हे, आठवड्यांत होतात. आता सर्च रिपोर्टमध्ये जुना दावा निघाला. फी परत करता येईल. सगळी करायची की काही ठेवून घ्यायची, हा धोरणाचा प्रश्न. वकिलाचं बिल देणं भागच आहे. आणि सिबिलची चौकशी? ती अर्जदाराच्या नावावर नोंदली गेली, कर्ज मिळो न मिळो. ते काम फिरवणारं उलट काम अस्तित्वातच नाही. म्हणजे न फिरवता येणारी पायरी शक्य तितकी मागे ढकलायची, की पत नसलेल्याच्या मालमत्तेवर वकिलाचा खर्च नको म्हणून पुढे घ्यायची? याचं उत्तर कुठल्याही प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात सापडणार नाही. ते कर्ज विभागाच्या प्रमुखाने द्यायचं असतं, आणि त्याने ते द्यावं यासाठी प्रश्न त्याच्या डोळ्यांसमोर यावा लागतो.

इथे प्रोसेस मॉडेलिंगची गरज सुरू होते. आज बीपीएमएन ही आराखड्याची लिपी सर्वमान्य आहे. तिची पहिली आवृत्ती 2004 ची, दुसरी 2011 ची, आणि 2013 मध्ये तिला आयएसओचा शिक्का मिळाला. पातळ वर्तुळ म्हणजे सुरुवात, जाड वर्तुळ म्हणजे शेवट, गोल कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम, तिरका चौकोन म्हणजे वाट फुटण्याची जागा. प्रत्येक विभागाला आपला आडवा पट्टा. एवढं तासाभरात कोणीही शिकतं. तिची खरी ताकद चौकोनाच्या कडेवर चिकटवलेल्या छोट्या वर्तुळांत आहे. घड्याळाचं चिन्ह असेल तर ‘इतक्या वेळात उत्तर आलं नाही तर या वाटेने जा’. मागे वळणारे दोन त्रिकोण असतील तर ‘हे काम फिरवायचं झाल्यास ते असं फिरवायचं’. आराखडा समोर ठेवून एकेका चौकोनावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, इथे घड्याळ का नाही? बहुतेक बैठकांत पहिल्यांदा शांतता पसरते, कारण त्या प्रश्नाचा आजवर कोणी विचारच केलेला नसतो. कारकून आपल्या अनुभवाने वेळ मारून नेत असतो.

यूपीआयकडे पुन्हा पाहा. रक्कम वजा झाली आणि समोरच्या बँकेने जमा करायला नकार दिला, तर स्विच पाठवणाऱ्याच्या बँकेला उलट संदेश पाठवतो. ते झालं आखलेलं उलट काम. पण जमा करणाऱ्या बँकेचं उत्तरच आलं नाही तर? तिथे नियम असा, की व्यवहार यशस्वी मानायचा आणि खरंखोटं नंतरच्या जुळवणीत पाहायचं. त्या ‘नंतर’ला शेपूट फुटू नये म्हणून रिझर्व्ह बँकेने 2019 च्या सप्टेंबरमध्ये परिपत्रक काढलं. यूपीआयवरून खात्यातून पैसे गेले पण समोरच्या खात्यात पोचले नाहीत, तर जमा करणाऱ्या बँकेने व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपणहून परत फिरवायचे. दुकानदाराला दिलेल्या पैशांची पावती त्याच्याकडे उमटली नाही, तर पाच दिवसांत. एटीएममधून नोटा बाहेर आल्या नाहीत, तरी पाच दिवसांत. मुदत चुकली तर ग्राहकाला दिवसाला 100 रुपये, आणि त्यासाठी त्याने तक्रार करायलाच हवी असंही नाही. हे परिपत्रक म्हणजे माझ्या दृष्टीने प्रोसेस मॉडेलिंगचा उत्तम नमुना आहे, जरी त्यात एकही आकृती नाही. कोणत्या पायरीवर घड्याळ, किती मुदतीचं, उलट काम कोणाच्या अंगावर आणि चुकल्यास दंड किती, सगळं त्यात आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: एसओए केव्हाच मेलं. ॲन थॉमस मेन्स या विश्लेषक बाईंनी 2009 च्या जानेवारीत तसा मृत्युलेखच लिहिला होता, मंदीचा काळ होता आणि अनेक कंपन्यांनी कोट्यवधी ओतून हाती काही लागलं नव्हतं. पण त्या लेखातच त्यांनी सेवांची कल्पना जिवंत असल्याचंही म्हटलं होतं. 2014 मध्ये मार्टिन फाउलर आणि जेम्स लुईस यांच्या लेखाने मायक्रोसर्व्हिसेसना प्रतिष्ठा मिळाली, आणि सेवा आणखी बारीक चिरल्या गेल्या. जिथे पाच सेवा होत्या तिथे पन्नास झाल्या. वरचा गुणाकार पन्नासांनिशी करून पाहावा. नाव बदललं, जड मानकं आणि महागडी मधली यंत्रणा गेली, ते बरंच झालं. अर्ध्यावर अडकण्याचा प्रश्न मात्र वाढला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सगळ्या सेवांना हुकूम सोडणारा एक मध्यवर्ती आराखडा ठेवला, की तोच कोंडीची जागा होतो. त्यापेक्षा प्रत्येक सेवेने ‘माझं काम झालं’ अशी दवंडी पिटावी आणि ज्याला गरज त्याने ऐकून आपलं काम करावं. बऱ्याच ठिकाणी हे योग्यच आहे. पैसे जमा झाल्याचा एसएमएस पाठवायला मध्यवर्ती सूत्रधार कशाला? एसएमएस चुकला तर कोणाचं घर बुडत नाही. पण ज्या कामात क्रम महत्त्वाचा आणि माघार घ्यावी लागू शकते, तिथे दवंडीच्या पद्धतीत प्रक्रिया नाहीशी होत नाही, फक्त दिसेनाशी होते. ती दहा प्रोग्रॅममध्ये दहा तुकड्यांनी पसरते, आणि ‘हा अर्ज सध्या कुठे आहे’ या साध्या प्रश्नाला दहा ठिकाणच्या नोंदी जुळवून उत्तर शोधावं लागतं. यूपीआयनेही मध्यभागी स्विच ठेवलेलाच आहे, आणि त्याची किंमत अधूनमधून स्विच अडखळला की सगळ्या देशाला मोजावी लागते. ती किंमत खोटी नाही. तरीही पैशांच्या कामात मला ती परवडणारी वाटते.

आराखडे कपाटात धूळ खातात, हा तिसरा आक्षेप तर निम्मा खरा आहे. विक्रेत्यांनी स्वप्न दाखवलं होतं की धंद्यातली मंडळी स्वतः आकृती काढतील, बटण दाबतील आणि ॲप्लिकेशन चालू होईल. हे घडलं नाही. चालणाऱ्या आराखड्यात डेटाचे प्रकार, चुकांचे संदेश, सुरक्षेच्या परवानग्या असा इतका तपशील भरावा लागतो की प्रोग्रॅमर लागतोच. पण जिथे काढलेला आराखडाच प्रोसेस इंजिनमध्ये चालवला जातो, तिथे तो शिळा होऊ शकत नाही. नियम बदलला की आकृती बदलावीच लागते. कर्ज विभागाच्या प्रमुखाने ती काढावी अशी अपेक्षा मी ठेवणार नाही. ती वाचून ‘इथे सात दिवस नकोत, तीन ठेवा’ असं त्याला म्हणता आलं, तरी तिचा खर्च वसूल झाला.

हा सगळा खटाटोप प्रत्येकाने करावा असं मात्र नाही. दोन शाखांची पतसंस्था, जिचं सगळं काम एका सॉफ्टवेअरमध्ये आणि एका डेटाबेसमध्ये चालतं, तिने सेवांच्या नादी लागून स्वतःचं एकसंध काम चिरण्यात काही हशील नाही. डेटाबेस जी हमी फुकट देतो ती सोडून देऊन सागाची उलट कामं लिहीत बसायचं, हा उपद्व्याप हौसेने करण्याचा नव्हे. तिला ही गणितं करावी लागतात ती यूपीआयसारख्या बाहेरच्या व्यवस्थेशी जोडून घेताना, आणि तेव्हा तिच्या वाट्याला येणाऱ्या घड्याळांच्या मुदती दुसऱ्याने ठरवलेल्या असतात. रात्री दिवसअखेरचा हिशेब चालू असताना कोअर सिस्टिम उत्तर देईनाशी झाली तर त्या वेळातल्या व्यवहारांचं काय, आणि सकाळी अडकलेल्यांची यादी कोणाच्या टेबलावर येणार, हे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याशी करार करतानाच लिहून घ्यावं लागतं. तो मुद्दा पुरवठादाराच्या सादरीकरणात सहसा नसतो.