कचेरीचा मेल-सर्व्हर बदलताना...

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ची मुदत संपली, त्याची चर्चा बरीच झाली. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्स्चेंज सर्व्हर २०१६’ आणि ‘एक्स्चेंज सर्व्हर २०१९’ या दोन आवृत्त्यांचीही मुदत संपली, हे मात्र अनेकांच्या लक्षात आले नाही. एक्स्चेंज म्हणजे कचेरीचे स्वतःचे टपालखाते. बाहेरून येणारी पत्रे स्वीकारणे, ती ज्याच्या त्याच्या पेटीत टाकणे, जाणारी पत्रे रवाना करणे आणि सर्व जुनी पत्रे जपून ठेवणे, ही कामे तो करतो. मुदत संपली म्हणून हे यंत्र बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशीही मेल येतात आणि जातात. धोका नेमका इथेच आहे, कारण सर्व सुरळीत दिसत असताना त्यात हात घालावा असे कोणालाच वाटत नाही.

छत्रपती संभाजीनगरमध्ये हर्सूलच्या बाजूला कचेरी आणि वाळूजला शेड, असा व्याप असलेल्या एखाद्या सुट्या भागांच्या उद्योजकाचे उदाहरण डोळ्यांसमोर आणू. पंचवीस टेबले, हिशेबाच्या खोलीत यूपीएसशेजारी ठेवलेला सर्व्हर, आणि तो कोणी बसवून दिला त्याचा मोबाइल क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला. खरेदीचे आदेश, आराखड्यांत ग्राहकाने सुचवलेले बदल, थकलेल्या बिलांचा तगादा असे सारे काही त्या यंत्रात असते. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाचे दप्तर वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागते. व्यवहाराचा वाद न्यायालयात गेला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद योग्य प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून मांडता येते. थोडक्यात, हा सर्व्हर बदलणे म्हणजे कचेरीतील प्रिंटर बदलणे नव्हे. रोजकीर्द आणि खतावणी नव्या कपाटात हलवण्याचे हे काम आहे.

मग जुन्यावरच का चालवू नये? याचे उत्तर २०२१ साली मिळाले. एक्स्चेंजच्या तत्कालीन आवृत्त्यांतील चार त्रुटींचा फायदा घेऊन जगभरातील सर्व्हरमध्ये शिरकाव झाला आणि २ मार्च २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टला तातडीने दुरुस्त्या प्रसिद्ध कराव्या लागल्या. त्यातील वाईट भाग असा, की दुरुस्ती बसवण्यापूर्वीच घुसखोराने आत चोरवाट ठेवली असेल, तर ती दुरुस्तीनंतरही तशीच राहात होती. जिथे दुरुस्तीच येणार नाही, तिथे काय होईल ते वेगळे सांगायला नको. शिवाय ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. आपल्या सर्व्हरवर कोणी येऊन गेले, हे सहा महिन्यांनी कळणाऱ्या कचेरीला हा नियम पाळणे कठीण जाते.

आता प्रत्यक्ष स्थलांतराकडे वळू. एक्स्चेंजच्या बाबतीत जुन्या यंत्रावर नवी मोठी आवृत्ती चढवून मोकळे होता येत नाही. शेजारी दुसरा सर्व्हर उभा करावा लागतो, काही दिवस दोन्ही एकत्र नांदतात आणि पेट्या एकेक करून नव्याकडे जातात. गिऱ्हाईक न थांबवता जुन्या पेढीवरची खाती शेजारच्या नव्या पेढीवर नेण्यासारखेच हे आहे. याला एक अपवाद आहे. जुलै २०२५ मध्ये आलेली ‘सबस्क्रिप्शन एडिशन’ ही नवी आवृत्ती २०१९ च्या अखेरच्या संचाशी जवळजवळ एकरूप असल्याने, अद्ययावत २०१९ असणाऱ्यांना ती थेट त्याच यंत्रावर चढवता येते. २०१६ वाल्यांना शेजारी नवा सर्व्हर हवाच. ज्यांच्याकडे अजून २०१० आहे, त्यांना तर दोन उड्या माराव्या लागतात. आधी २०१६ वर येऊन २०१० पूर्ण काढून टाकायचे आणि मग पुढे जायचे. दर वेळी ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणणाऱ्याला शेवटी दुप्पट काम पडते ते असे.

पेटी हलत असताना तिचा मालक काम करत राहू शकतो. शेवटच्या क्षणी ताबा नव्या सर्व्हरकडे जातो आणि आउटलुक बंद करून पुन्हा उघडण्याची सूचना येते, एवढेच त्याला जाणवते. पण पडद्यामागे एक गोष्ट घडत असते आणि नवखे लोक तिथेच फसतात. नव्या सर्व्हरवर येणाऱ्या प्रत्येक मजकुराची नोंद ‘लॉग’ फायलींत होते. म्हणजे १०० जीबी पेट्या हलवल्या, की साधारण तेवढ्याच आकाराचे लॉगही साठतात. बॅकअप पूर्ण झाल्यावरच ते आपोआप पुसले जातात. शनिवारी रात्री सर्व पेट्या एकदम रांगेत लावून घरी गेलेल्या माणसाची डिस्क पहाटे भरते, डेटाबेस बंद पडतो आणि रविवार कचेरीत जातो. त्याऐवजी चार-पाच पेट्यांचे गट करावेत आणि मध्ये बॅकअप घ्यावा. पहिला गट मालकाच्या पेटीचा नसावा, हेही अनुभवाचे शहाणपण!

दुसरा घोटाळा नावांचा. फोन आणि आउटलुक सर्व्हरला ज्या नावाने शोधतात, ते नाव ‘सर्टिफिकेट’वर असावे लागते. जुन्यावरचे सर्टिफिकेट नव्या सर्व्हरवर आधीच बसवले नाही, तर सोमवारी सकाळी पंचवीस टेबलांवर पंचवीस इशारे झळकतात. माणसांचे निदान फोन तरी येतात, यंत्रे मात्र तक्रार करत नाहीत. कागद स्कॅन करून मेल करणारे झेरॉक्स यंत्र, बिले पाठवणारी हिशेबाची प्रणाली, बॅकअपचा अहवाल धाडणारा संगणक, या सर्वांत जुन्या सर्व्हरचा पत्ता कधीतरी कोणीतरी भरून ठेवलेला असतो. जुन्या सर्व्हरवर मेल कोठून कोठून येते, याची नोंद आठवडाभर तपासली तर ही विसरलेली यंत्रे सापडतात.

पंचवीस माणसांसाठी स्वतःचा सर्व्हर ठेवावाच का, हा प्रश्न रास्त आहे. नव्या आवृत्तीसाठी मायक्रोसॉफ्टने १२८ जीबी मेमरीची शिफारस केली आहे, आणि परवान्याचा खर्च पुन्हा पुन्हा येतो. एवढ्या खर्चात बहुतेक लहान कचेऱ्यांनी भाड्याची मेलसेवा घ्यावी, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची मेल झोहो या भारतीय कंपनीच्या सेवेवर गेली, तरी त्यांचे पत्ते ‘गव्ह डॉट इन’ आणि ‘एनआयसी डॉट इन’ हेच राहिले. पत्ता यंत्राचा नसतो, डोमेनचा असतो. म्हणून दोन्ही मार्गांवर पहिली तपासणी एकच: आपले डोमेन कोणाच्या नावावर आहे? सर्व्हर बसवणाऱ्या मुलाने ते स्वतःच्या खात्यावर नोंदवले असेल आणि तो आता पुण्याला नोकरीस असेल, तर स्थलांतराआधी त्याला गाठणे भाग आहे.

सर्व पेट्या गेल्यावर जुने यंत्र लगेच पुसू नये. एक्स्चेंजच्या स्वतःच्या कामासाठी काही अदृश्य पेट्या असतात. त्याही हलवल्याची खात्री करावी आणि मग जुना सर्व्हर आठवडाभर नुसता बंद ठेवावा. त्या आठवड्यात एखादा महिनाअखेरचा दिवस आला तर उत्तम, कारण वेतनपत्रके आणि बिले त्याच दिवशी निघतात. कोणाचेच काही अडले नाही, तर तो पुन्हा चालू करून एक्स्चेंज रीतसर ‘अनइन्स्टॉल’ करावे. तसे न करता डिस्क फॉरमॅट केली, तर त्या सर्व्हरचे नाव कचेरीच्या निर्देशिकेत भुतासारखे राहते आणि पुढच्या स्थलांतराच्या वेळी आडवे येते.