अरे, आवाज कुणाचा?

बाजारातला स्पीकर दुसऱ्याच्या पसंतीने वाजतो. आपल्या हॉलच्या मापाचा, आपल्या कानाला रुचेल असा स्पीकर घरी बनवायचा असेल तर हातात हवेत दोन-तीन वीकेंड, एक ओळखीचा मिस्त्री आणि थोडं गणित.

लॅमिंग्टन रोडवरून सहा इंची सुटा स्पीकर आणा. नुसता स्पीकर, खोका नाही. घरी अ‍ॅम्प्लिफायरला जोडा, हातात धरा आणि हळू आवाजात एखादी झकास लावणी लावा. काय ऐकू येतं? डास गुणगुणल्यासारखं काहीतरी. ढोलकी गायब! दुकानदाराने गंडवलं की काय?

थांबा. परवा मिक्सर आला होता तो पुठ्ठ्याचा खोका माळ्यावरून काढा. त्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडा आणि स्पीकर त्या भोकावर घट्ट दाबून धरा. आली ना ढोलकी परत? वायर तीच, व्हॉल्यूम तोच. वाढला तो फक्त एक रद्दीतला खोका.

घरच्या घरी हाय-फाय स्पीकर बनवण्याच्या नादाला लागलेली बहुतेक मंडळी असल्याच कुठल्या तरी क्षणी घसरलेली असतात. अस्मादिकही त्यातलेच.

कारण अगदी सोपं आहे. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा समोरची हवा ढकलतो, पण त्याच क्षणी मागची हवा ओढतो. पुढून अधिक, मागून उणे. दोघं कडेने येऊन एकमेकांना भेटले की हिशोब शून्य! ट्रेबलच्या लहरी सेंटिमीटरमध्ये मोजण्याइतक्या छोट्या असतात, त्या सरळ समोर निघून जातात. बासच्या लहरी मात्र अवाढव्य. ४० हर्ट्झची एक लहर साधारण साडेआठ मीटर लांब, म्हणजे तुमच्या-आमच्या हॉलपेक्षाही मोठी. सहा इंची स्पीकरला ती सहज वळसा घालते. खोक्याचं पहिलं काम हेच, पुढच्या हवेची मागच्या हवेपासून फारकत करून द्यायची.

म्हणूनच एक गैरसमज आधीच दूर करू. घरी स्पीकर बनवायचा म्हणजे लोहचुंबकाला तार गुंडाळत बसायचं नाही. ते काम कारखान्यांचं. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली या स्पीकरचा आराखडा मांडला. लोहचुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं आणि वेटोळ्याला चिकटलेला पडदा. शंभर वर्षांनंतरही आपण मुख्यतः तेच ऐकतोय. हा सुटा भाग, म्हणजे 'ड्रायव्हर', विकत मिळतो. आपण बनवायचा तो खोका आणि त्याच्या पोटातलं छोटंसं सर्किट. आवाजाचा निम्माअधिक स्वभाव तिथेच ठरतो.

तीनपैकी दोनच!

आता मुद्द्याचं. स्पीकरकडून आपल्याला काय हवं असतं? खोका छोटा हवा, बास खोल हवा आणि थोडक्या पॉवरमध्ये आवाज दणकून यायला हवा. बरोबर? सॉरी बॉस, तिन्ही एकदम मिळत नाहीत. कुठलेही दोन घ्या, तिसऱ्यावर पाणी सोडा. जे. अँटन हॉफमन या अमेरिकन तंत्रज्ञाच्या नावाने हा नियम ओळखला जातो. केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला 'एच' म्हणजे तोच. हा नियम ना ब्रँड मोडू शकतो, ना बजेट.

१९५४ चं उदाहरण घ्या. तोवर खोल बास हवा तर कपाटाएवढा खोका लागायचा. एडगर व्हिलचर या अमेरिकन शिक्षकाने खोका चहूबाजूंनी हवाबंद केला आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरलं. त्याचा 'एआर-१' शेल्फवर मावत होता आणि तरी बास खोल होता. जादू? छे, अदलाबदल. त्याला वाजवायला जास्त पॉवरचा अ‍ॅम्प्लिफायर लागायचा. छोटा खोका आणि खोल बास मिळवला, तिसऱ्या गोष्टीवर पाणी सोडलं.

आपल्या टेबलावरचा चिमुकला ब्लूटूथ स्पीकरही याच नियमाने चालतो. हळू आवाजात तो बास दाखवून खूश करतो, पण पार्टीत व्हॉल्यूम चढवा, त्यातले बरेचसे गुपचूप बास कापून टाकतात. आता त्यात काय ठेवायचं आणि काय कापायचं, हे ठरवलं कुणी? कुठल्या तरी कंपनीच्या मीटिंगमध्ये, आपला हॉल कधीही न बघितलेल्या माणसांनी.

घरी स्पीकर बनवण्यातली खरी गंमत इथे आहे. स्वस्त पडतं म्हणून या वाटेला जाऊ नका. चांगले ड्रायव्हर, प्लाय, मिस्त्रीची मजुरी आणि फुकट गेलेला एखादा खोका धरला तर ते स्वस्त पडेलच असं नाही. मिळतं ते वेगळंच. तडजोड तर करावीच लागणार, पण ती आपली आपण करतो.

आपल्या हॉलचं गणित

पहिला निर्णय जागेचा. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफा, टीव्ही, इस्त्रीचं टेबल आणि अधूनमधून गावाहून येणारे पाहुणे. म्हणजे कपाटाएवढा खोका बाद. छोटा खोका पक्का. राहिल्या दोन गोष्टी, त्यातली एक निवडा.

हे अंदाजपंचे करायची गरज नाही. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात खोक्याचं गणित पक्कं केलं. आज कुठल्याही प्रतिष्ठित ड्रायव्हरच्या डेटाशीटवर 'थील-स्मॉल पॅरामीटर्स' छापलेले असतात. आपल्याला त्यातले तीन पुरेत. एफएस म्हणजे ड्रायव्हर मोकळा असताना ज्या कंपनावर सगळ्यात जास्त नाचतो ते. व्हीएएस म्हणजे त्याच्या लवचिकपणाशी बरोबरी करणारी हवा किती लिटर ते. आणि क्यूटीएस म्हणजे नाचून झाल्यावर तो किती पटकन शांत होतो, त्याचा आकडा.

समजा, सहा इंची वूफरचा एफएस ४५ हर्ट्झ, व्हीएएस २० लिटर आणि क्यूटीएस ०.४ आहे. खोका १० लिटरचा, हवाबंद. २० भागिले १० म्हणजे २, त्यात १ मिळवा, झाले ३. त्याचं वर्गमूळ १.७३. याने ०.४ ला गुणलं की येतात ०.६९. हवाबंद खोक्यात हा आकडा ०.७ च्या आसपास आला की बास घट्ट आणि नेटका. आकडा १ च्या वर गेला की बास धपधपायला लागतो. आता त्याच १.७३ ने ४५ ला गुणा, ७८ हर्ट्झ. तिथून खाली बास उतरणीला लागणार. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर असते. म्हणजे ती ऐकू येईल, पण छातीत धडकणार नाही.

बघा, खोका बनायच्या आधीच कळलं की आपण काय सोडतोय!

बाजारात फिरतानाही हाच नियम. लॅमिंग्टन रोड असो, नाहीतर पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर, ज्याची डेटाशीट मिळत नाही तो ड्रायव्हर कितीही देखणा असला तरी नमस्कार करून पुढे व्हा.

मिस्त्री, अठराचीच!

"साहेब, एवढुशा खोक्याला अठराची शीट कशाला? बाराची चालेल की." हे तुम्हाला ऐकावं लागणारच. मिस्त्रीचं चूक नाही, तो कपाटाच्या हिशोबाने बोलतोय. पण कपाटाने गप्प उभं राहिलं तरी चालतं. खोक्याच्या आत मात्र हवा सारखी धडका देत असते. फळी पातळ असेल तर तीही गायला लागते, तेही बेसूर. म्हणून १८ मिलिमीटर एमडीएफ किंवा चांगला प्लाय. एमडीएफ सगळीकडे सारखा भरीव असतो, पण त्याच्या कापलेल्या कडा पाणी पितात. आपल्या पावसाळ्यात कडा सील करून रंगवल्या नाहीत तर त्या फुगल्याच म्हणून समजा. आणि एमडीएफ कापताना मास्क मस्ट! त्याचा बारीक भुसा फुप्फुसांना चांगला नाही.

दहा लिटरच्या एका खोक्याचं कटिंग असं: पुढची आणि मागची फळी ३४ बाय २०, वरची-खालची २० बाय २१.४, बाजूच्या दोन ३०.४ बाय २१.४, सगळं सेंटिमीटरमध्ये. आतली जागा भरते साधारण १०.७ लिटर. आधाराची आडवी पट्टी आणि ड्रायव्हरचं बूड त्यातलं थोडं खातात. दोन्ही खोके आठ बाय चारच्या अर्ध्या शीटमध्ये आरामात बसतात. कापणी प्लायवूडच्या दुकानातच मशीनवर करून घ्या, घरच्या करवतीने काटकोन साधणं अवघड. फेविकॉल सढळ हाताने लावा आणि क्लॅम्प रात्रभर राहू द्या. आत उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरा. शेवटी बाजारात कलिंगड वाजवून बघतो तसं खोक्यावर टकटक करा. 'ढब ढब' आलं तर आत आणखी एक आधार ठोका. 'टक' असा कोरडा आवाज आला की पास.

सर्किटमधला ट्रॅफिक हवालदार

वूफरला बास आणि छोट्या ट्वीटरला ट्रेबल, अशी विभागणी करणारं सर्किट म्हणजे 'क्रॉसओव्हर'. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर बसवला की तो बास अडवतो. वूफरच्या वाटेत कॉइल बसवली की ती ट्रेबल रोखते. पुस्तकी हिशोबाने ८ ओहमच्या ड्रायव्हरसाठी ३००० हर्ट्झवर विभागणी करायची तर ६.६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ०.४२ मिलिहेन्रीची कॉइल लागते. पण डेटाशीटवर लिहिलेले ८ ओहम खऱ्या आयुष्यात स्थिर नसतात, सुरागणिक बदलतात. त्यामुळे पुस्तकी क्रॉसओव्हर वाजतो, पण गातोच असं नाही.

म्हणून पहिल्या जोडीसाठी दोनच सल्ले. एक तर जाणकाराने माइक लावून, मोजून सिद्ध केलेलं डिझाइन जसंच्या तसं उचला, ड्रायव्हरही तेच घ्या. नाहीतर एकाच फुल-रेंज ड्रायव्हरचा खोका करा, त्याला क्रॉसओव्हर लागतच नाही. स्वतःच्या डिझाइनची हौस दुसऱ्या जोडीला. आणि हो, दुसरी जोडी होतेच!

लाल-काळ्याचा घोळ

आमची पहिली जोडी तयार झाली त्या रात्रीची गोष्ट. मित्रमंडळी जमली, वडापाव आले, गाणं सुरू झालं आणि सगळ्यांचे चेहरे पडले. गायिका नेमकी कुठे उभी आहे तेच कळेना, बास तर नावालाही नाही. "यार, यापेक्षा तुझा मोबाइल बरा वाजतो," एक जण बोललाच. रात्रभर गणित तपासलं. गणित बरोबर होतं. सकाळी कळलं की एका खोक्यात वूफरची लाल आणि काळी वायर उलटी जोडली गेलीय. एक स्पीकर हवा ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता. पुठ्ठ्याच्या खोक्याने जो धडा शिकवला, तोच पुन्हा!

तुम्ही हे टाळू शकता. वूफर बसवण्याआधी त्याच्या लाल टोकाला दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलचं अधिक आणि काळ्याला उणे क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर.

ठेवायचं कुठे?

ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण. भिंतीजवळ सरकवलं की बास वाढतो, कोपऱ्यात आणखी वाढतो. तोही फुकटात, पण जरा गढूळ होतो. वीतभर पुढे-मागे करत, ओळखीचं एकच गाणं पुन्हा पुन्हा ऐकत आपली जागा शोधायची. खालच्या मजल्यावरच्या काकूंना मात्र आधी एकदा चहाला बोलवा.

शनिवारच्या खरेदीची यादी

• डेटाशीटवाले ड्रायव्हर, दोन्ही बाजूंना एकाच मॉडेलचे
• १८ मिलिमीटर एमडीएफ किंवा प्लाय, अर्धी शीट
• फेविकॉल, क्लॅम्प, स्क्रू, मास्क
• ड्रायव्हरच्या कडेखाली लावायला फोमची पट्टी, हवा गळायला नको
• लाल-काळी वायर, टर्मिनल आणि एक पेन्सिल सेल

अलीकडेच एक मित्र घरी आला होता. त्याच्या गाडीच्या डिकीत भलामोठा सबवूफर आहे, सिग्नलला शेजारच्या रिक्षाच्या काचा थरथरतात. दोन गाणी ऐकून म्हणाला, "मस्तच रे, पण बास थोडा कमी वाटतो."

पूर्वी असं कुणी बोललं असतं तर लगेच नव्या मॉडेलचे ईएमआय बघायला बसलो असतो. आता नुसतं हसलो. बास कुठे गेला ते मला नेमकं माहीत होतं. ७८ हर्ट्झच्या खाली गेला होता, कारण तिथे इस्त्रीचं टेबल उभं राहतं.