विश्लेषण : मेलेल्या राजाचा चेहरा, न पाहिलेल्या राजाचे चित्र… तरीही स्पेनचे चांदीचे नाणे जगभर कसे चालले?

आज परदेशी चलन म्हटले की डॉलर आठवतो. पण अमेरिकेचा डॉलर जन्माला येण्याआधी अडीच शतके व्यापाऱ्यांच्या थैलीत एक वेगळेच नाणे खुळखुळत होते. स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींमध्ये पाडले जाणारे हे चांदीचे नाणे मेक्सिकोपासून मनिलापर्यंत आणि लंडनपासून सुरतेपर्यंत चालत असे. त्यावर आधी ढाल आणि क्रूस होता, मग खांब आले आणि शेवटी राजाचा चेहरा आला. मात्र हा चेहरा कधी मेलेल्या राजाचा होता, तर कधी चक्क मनाने रचलेला. लोकांनी त्याची फारशी फिकीर का केली नाही? आणि ज्या वर्षी राजाचा चेहरा नाण्यावर आला, त्याच वर्षी नाण्यातील चांदी गुपचूप कमी का झाली?

'आठ रेआल' म्हणजे काय?

इसाबेला आणि फर्डिनांड या राजदांपत्याने १४९७ मध्ये काढलेल्या फर्मानाने स्पेनच्या नाणेव्यवस्थेला शिस्त लावली. 'रेआल' हे तिचे चांदीचे मूळ नाणे. पुढे आठ रेआल किमतीचे एकच मोठे नाणे पाडले जाऊ लागले. वजन साधारण २७ ग्रॅम. यालाच 'पेसो' म्हणत. इंग्रज त्याला 'स्पॅनिश डॉलर' म्हणू लागले. सुटे नसले की लोक नाणे छिन्नीने तोडून तुकडे करत. आठ भागांची ही सवय इतकी मुरली की न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात समभागांचे भाव १९९७ पर्यंत डॉलरच्या आठव्या हिश्शात सांगितले जात होते. डॉलरचे चिन्हही 'पेसो' या शब्दाच्या हस्तलिखित संक्षेपातून आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

इतकी चांदी आली कुठून?

स्पेनने १५३५ मध्ये मेक्सिको शहरात टांकसाळ स्थापन केली. दहा वर्षांनी, १५४५ मध्ये, आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे चांदीचा अख्खा डोंगर सापडला. पण खाणीत उतरायला माणसे हवी होती. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदो याने 'मिता' ही सक्तीच्या मजुरीची पद्धत बसवली. ठरावीक प्रांतांतील स्थानिक पुरुषांपैकी दर सातातील एकाला पाळीपाळीने जावे लागे. सुरुवातीला वर्षाला १३ हजारांच्या आसपास माणसे अशी पोतोसीत आणली जात. चांदी वेगळी करण्यासाठी पारा लागे, तो पेरूतील वांकावेलिका येथील खाणीतून येई आणि ती खाण तर त्याहून घातक होती. ही सक्ती कायद्याने रद्द व्हायला १८१२ साल उजाडावे लागले. जगाने ज्या चांदीवर विश्वास टाकला, तिची पहिली किंमत या माणसांनी मोजली होती.

सुरुवातीच्या नाण्यांवर राजाचा चेहरा का नव्हता?

कास्तीलच्या चांदीच्या नाण्यांवर राजचिन्हे छापण्याची जुनी रीत होती. राजाचे नाव कडेने असे, मध्ये ढाल, क्रूस किंवा खांब. शिवाय पहिली दोन शतके नाणी हाताने पडत. चांदीच्या पट्टीचा तुकडा कापायचा, वजन जुळेपर्यंत कातरायचा आणि ठशावर ठेवून हातोडा हाणायचा. त्यातून निघणारी नाणी वेडीवाकडी असत आणि राजाचे नावही पुरते उमटत नसे. कडा कातरून चांदी चोरणेही सोपे होते.

मग विश्वास कशावर होता? वजनावर आणि चांदीच्या कसावर. तो ढळला की काय होते, हे चौथ्या फिलिपच्या काळात दिसले. पोतोसीच्या टांकसाळीत हिणकस नाणी पाडली जात असल्याचे १६४० च्या दशकाच्या अखेरीस उघड झाले. युरोपात ती नाणी नाकारली जाऊ लागली. या प्रकरणात फ्रान्सिस्को गोमेस दे ला रोचा या बड्या चांदी व्यापाऱ्याला १६५० मध्ये देहदंड झाला आणि १६५२ मध्ये पोतोसीच्या नाण्याचा छाप बदलावा लागला. राजा तोच होता, नावही तेच होते, पण कस घसरला आणि पत गेली.

यंत्राने काय बदलले?

१७३२ मध्ये, पाचव्या फिलिपच्या कारकिर्दीत, मेक्सिकोच्या टांकसाळीत यंत्रावर गोल, एकसारखी नाणी पडू लागली. कडेवर पानांची नक्षी असल्याने कोणी कडा कातरली तर लगेच दिसे. हेच ते प्रसिद्ध 'खांबवाले' नाणे. त्यावर समुद्राच्या लाटांवर दोन पृथ्वीगोल, वर मुकुट आणि दोन्ही बाजूंना हर्क्युलिसचे खांब. हे खांब म्हणजे जिब्राल्टरची सामुद्रधुनी, अर्थात जुन्या जगाची सीमा. त्यांना गुंडाळलेल्या फितीवर 'त्याच्याही पलीकडे' अशा अर्थाचे लॅटिन शब्द. पाचवा फिलिप, सहावा फर्डिनांड आणि तिसरा चार्ल्स या तिघांच्या नावाने ही नाणी निघाली, पण चेहरा एकाचाही नव्हता. सोन्याच्या नाण्यांवर मात्र राजा आधीच विराजमान झाला होता.

राजाचा चेहरा आला, तेव्हाच चांदी का घटली?

१७७२ मध्ये तिसऱ्या चार्ल्सने चांदीच्या नाण्याचा छाप बदलला. डोक्यावर पर्णमुकुट, खांद्यावर रोमन सम्राटासारखे वस्त्र आणि उजवीकडे तोंड केलेला राजा. जुनी, झिजलेली नाणी परत घ्यायची आणि साऱ्या वसाहतींत एकसारखे नवे नाणे आणायचे, हा उघड हेतू. पण सोबत एक गुप्त आदेशही होता. त्याआधीच्या नाण्यात हजार भागांत साधारण ९१७ भाग शुद्ध चांदी असे. नव्या नाण्यात ती ९०३ वर आली. पुढे १७८६ मध्ये पुन्हा गुपचूप ८९६ पर्यंत उतरवली गेली. वजन मात्र जवळपास तेच राहिले.

एका नाण्यामागे अर्ध्या ग्रॅमहून थोडी अधिक चांदी कमी झाली. हाताला ती जाणवणार नाही. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस एकट्या मेक्सिकोच्या टांकसाळीतून वर्षाला सुमारे दोन कोटी पेसो बाहेर पडत होते. दोन कोटी नाण्यांमागे हा फरक ११ टनांहून अधिक चांदीचा होतो. म्हणजे राजाने समोरून चेहरा दिला आणि मागून चांदी काढून घेतली.

ही लबाडी कायमची लपली नाही. नाणे वितळवून तपासले की कस कळतोच. अमेरिकेने १७९२ मध्ये स्वतःच्या डॉलरचा कायदा केला, तेव्हा त्यातील शुद्ध चांदी स्पेनच्या कागदोपत्री प्रमाणावरून नव्हे, तर बाजारात प्रत्यक्ष फिरणाऱ्या स्पॅनिश नाण्यांवरून ठरवली. ती भरली २४.०६ ग्रॅम. खांबवाल्या नाण्यात ती २४.८ ग्रॅमच्या आसपास असे.

मेलेल्या राजाचे नाणे कसे निघाले?

तिसरा चार्ल्स डिसेंबर १७८८ मध्ये वारला. ही बातमी जहाजाने महासागर ओलांडून पोहोचायला वेळ लागला आणि नव्या राजाच्या चित्राचे ठसे यायला त्याहून अधिक. टांकसाळ बंद ठेवणे परवडणारे नव्हते. त्यामुळे १७८९ आणि १७९० च्या नाण्यांवर नाव आले चौथ्या चार्ल्सचे, चेहरा मात्र राहिला त्याच्या दिवंगत वडिलांचा. बदलला तो फक्त नावापुढचा आकडा.

खरी गंमत १८०८ मध्ये झाली. मार्चमध्ये चौथ्या चार्ल्सने गादी सोडली आणि मुलगा सातवा फर्डिनांड राजा झाला. काही आठवड्यांतच नेपोलियनने बाप-लेक दोघांनाही फ्रान्समध्ये बोलावून राजत्याग करायला लावला आणि आपला भाऊ जोसेफ याला स्पेनच्या गादीवर बसवले. फर्डिनांड १८१४ पर्यंत फ्रान्समध्ये नजरकैदेत होता. माद्रिदमध्ये जोसेफच्या चेहऱ्याची नाणी पडली, पण अमेरिकेतील एकाही टांकसाळीने त्याला राजा मानले नाही. त्यांना नाणी फर्डिनांडच्याच नावाने पाडायची होती. मात्र त्याचे अधिकृत चित्र हाताशी नव्हते.

मेक्सिकोच्या कारागिरांनी चिलखत घातलेला एक काल्पनिक फर्डिनांड कोरला. लिमाच्या टांकसाळीने स्वतःचा वेगळा फर्डिनांड घडवला. ग्वातेमालातील नाण्यांवर नाव फर्डिनांडचे, पण चेहरा चौथ्या चार्ल्सचा राहिला. एकच राजा, एकच काळ आणि चेहरे तीन. १८११ च्या सुमारास ठरीव चित्र येईपर्यंत हीच नाणी चालली. कैदेतल्या राजाशी निष्ठा दाखवण्याचा तो मार्गही होता. व्यापाऱ्याच्या दृष्टीने मात्र वजन आणि कस तोच होता, एवढे पुरेसे होते.

ब्रिटनने शत्रूच्या राजावर आपला राजा का ठोकला?

१७९७ मध्ये फ्रान्सशी चाललेल्या युद्धामुळे ब्रिटनमध्ये चांदीची नाणी दुर्मीळ झाली. बँक ऑफ इंग्लंडकडे स्पॅनिश नाण्यांचा साठा होता. स्पेनशीही तेव्हा युद्ध सुरू होते. बँकेने स्पेनच्या राजाच्या मानेवर तिसऱ्या जॉर्जच्या डोक्याचा इवलासा शिक्का मारला आणि नाणी ४ शिलिंग ९ पेन्सला चलनात आणली. ब्रिटनच्या 'क्राउन' नाण्याची किंमत ५ शिलिंग. क्राउन म्हणजे मुकुटही. त्यामुळे लोक म्हणू लागले, दोन राजांची डोकी, पण किंमत एका क्राउनचीही नाही! पुढे भामट्यांनी खोटे शिक्के मारायला सुरुवात केली, तेव्हा १८०४ मध्ये बँकेने स्पॅनिश राजाला पुसून पूर्ण नवा छाप उमटवला.

ऑस्ट्रेलियात त्याहून अजब प्रकार घडला. न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर मॅक्वारी याने १८१३ मध्ये ४० हजार स्पॅनिश नाण्यांच्या मधोमध भोक पाडून घेतले. बाहेरचे कडे ५ शिलिंगचे आणि आतली चकती १५ पेन्सची. नाणे वसाहतीबाहेर जाऊ नये, हा हेतू. हे काम ज्याच्याकडे दिले, तो विल्यम हेन्शाल खोटी नाणी पाडल्याबद्दल शिक्षा होऊन तिथे आला होता! भोकासोबत राजाचा चेहराही गेला. नाणे तरीही चालले.

भारत आणि चीनमध्ये काय झाले?

युरोपातील मालाला भारतात फारशी मागणी नव्हती. कापड, मिरी आणि नीळ घ्यायची तर चांदीच मोजावी लागे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून सुरतेला 'आठ रेआल'च्या पेट्या उतरत. पण मुघल राज्यात परदेशी नाणे व्यवहारात चालत नसे. ते टांकसाळीत वितळवून त्याचा रुपया पाडला जाई. मुघल रुपयाचे वजन साधारण साडेअकरा ग्रॅम असल्याने एका नाण्यातून दोनाहून थोडे अधिक रुपये निघत. अशा रीतीने पोतोसीची चांदी बादशहाच्या नावाने भारतभर फिरली. गोव्यातील पोर्तुगीज या नाण्याला 'पताका' म्हणत. मकाऊच्या चलनाचे नाव आजही तेच आहे.

चीनमध्ये नाणे वितळवण्याऐवजी त्यावर पारखीचा छोटा ठसा मारला जाई. अनेक हात फिरलेल्या नाण्यावर असे डझनावारी ठसे असतात. अशा पारख्यांना इंग्रज 'श्रॉफ' म्हणत. हा शब्द म्हणजे आपला 'सराफ'च. हाँगकाँगमध्ये पैसे भरण्याच्या खिडकीवर तो आजही लिहिलेला दिसतो. चिनी लोकांनी या चेहऱ्याच्या नाण्याला 'बुद्धाचे डोके' असे नाव दिले होते. राजा कोण, कुठला, याच्याशी त्यांना देणेघेणे नव्हते. पण ओळखीचा चेहरा त्यांना हवा होता. चार्ल्स जाऊन कैक वर्षे झाली, तरी शांघायकडे त्याच्या नाण्याला १८५० च्या दशकापर्यंत जादा भाव मिळत होता.

चेहरा कधी गेला?

मेक्सिको १८२१ मध्ये स्वतंत्र झाला. दुसऱ्या वर्षी सम्राट झालेल्या इतुर्बिदेने नाण्यावर स्वतःचा चेहरा छापला. मार्च १८२३ मध्ये त्याला पायउतार व्हावे लागले आणि नाण्यावर गरुड आला. पोतोसीत सातव्या फर्डिनांडची नाणी १८२५ पर्यंत पडत राहिली. अमेरिकेत ही जुनी परदेशी नाणी १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होती.

असे नाणे समोर आले तर काय पाहावे?

या नाण्यांच्या नकला आज सर्रास विकल्या जातात आणि त्यातील अनेकांवरचा चेहरा अगदी हुबेहूब असतो. म्हणून चेहऱ्यावर जाऊ नये. चेहऱ्याच्या अस्सल आठ रेआल नाण्याचे वजन २७ ग्रॅमच्या आसपास असते, झिजलेले असेल तर किंचित कमी. कडेवर वर्तुळ आणि आयत आलटून पालटून कोरलेले असतात. ते चुंबकाला चिकटत नाही. साल आणि राजाचे नाव जुळले पाहिजे. १७९५ च्या नाण्यावर तिसऱ्या चार्ल्सचे नाव असेल, तर ते हमखास बनावट. मात्र १७८९ च्या नाण्यावर चौथ्या चार्ल्सचे नाव आणि वडिलांचा चेहरा दिसला, तर दचकू नये. ती चूक नव्हे, तो इतिहास आहे. शंका उरली तर जाणकाराकडून कस तपासून घ्यावा. सुरतेच्या टांकसाळीत आणि चीनच्या बाजारात तेच केले जात होते.